दोन थेंब तेल

आमच्या दादाला सहसा कुणाचा हेवा वाटत नाही. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली, तर हा आपण होऊन जातो, दारं नीट लागतात का बघून देतो आणि चहा पिऊन खुशाल परत येतो. आमच्या मावसभावानं मोठं घर बांधलं तेव्हा निम्म्या नातेवाइकांना अपचन झालं. दादा मात्र तिथल्या नळांचं कौतुक करत फिरत होता. त्याचं सगळं जळणं एकाच जागी साठलंय. त्याच्या घरातली वस्तू बिघडली आणि ती दुसऱ्या कुणी दुरुस्त केली, की त्याला जेवण जात नाही. ती वस्तू वहिनीची असली तर विचारूच नका.

दादा शिलाई मशीनं दुरुस्त करतो. जिन्याखालच्या गाळ्यात त्याचं दुकान आहे. उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून त्यानं आयुष्यभर बसूनच काम केलंय. भिंतीला पट्टे आणि दातेरी चाकं टांगलेली, सुयांच्या डब्या एकावर एक रचलेल्या, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. तो वास त्याच्या शर्टांना, पैशांच्या पाकिटाला, रुमालालाही येतो. शिवणकामाच्या कारखान्यात गेला की तो मशीन चालवायला सांगतो, डोळे मिटतो, मान कलती करून ऐकतो आणि म्हणतो, "कोरडं पडलंय." बहुतेक वेळा निदान हेच असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मग लांब चोचीची कुपी काढून दोन थेंब सोडतो. माणसांबद्दलही त्याचं मत फारसं वेगळं नाही. मी शाळेतून तणतणत आले, तर मी कोरडी पडलेली असते.

वहिनी त्याला मिळाली तीही असंच एक मशीन अडलं म्हणून. ती माहेरी कपडे शिवायची. तिच्या वडिलांनी दादाला बोलावलं, दादानं मशीन सुरू करून दिलं आणि जाताना एक स्क्रू मुद्दाम ढिला ठेवला. आठवड्याच्या आत पुन्हा बोलावणं. हा स्क्रू ढिला ठेवत गेला आणि ती चहा देत गेली. शेवटी तिचे वडील म्हणाले, रोजची मजुरी देण्यापेक्षा याला जावई करून घेतलेला स्वस्त पडेल. हा किस्सा दादा स्वतःच चारचौघांत छाती फुगवून सांगतो, आणि खरी मेख तिथेच आहे. दुरुस्तीला आलेला माणूस काय काय करू शकतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी लग्न केलं नाही. त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे त्यांचा संसार मी अगदी जवळून बघत आलेय. "अहो, जरा बघता का?" एवढं वहिनीनं म्हणायचा अवकाश, दादा हातातला घास ताटात टाकून उठायचा. मिक्सर, इस्त्री, नळ, कडी, कोयंडा, काहीही. लोक बायकोला काय काय आणतात. दादानं वहिनीला हौसेनं काही आणल्याचं मला आठवत नाही. पण आमच्या घरातलं एक बिजागर कधी करकरलं नाही. त्या एका हाकेवर त्याचा संसार उभा होता, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं.

पुढे वहिनीची पाठ धरायला लागली आणि शिवण सुटलं. ती एका फोटो स्टुडिओत लागली. तिथे जुने, फाटके, डाग पडलेले फोटो कॉम्प्युटरवर नीट करायला शिकली. आपल्या हाताला हे चांगलं जमतं, हे तिला तिथे कळलं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा गिऱ्हाइकं घरी यायला लागली. मग पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आलं, टेबलावर स्क्रीन आणि टेबलाखाली सीपीयूचा डबा.

डबा आला त्याच दिवशी दादानं तो "नुसती ओळख करून घ्यायला" उघडला. परत बंद केला तेव्हा एक स्क्रू उरला. वहिनीनं तो तळहातावर घेऊन विचारलं, "हा कुठला?"

"जास्तीचा असेल," दादा म्हणाला.

"तुमच्या मशीनमध्ये असतात का जास्तीचे?"

तेव्हाच वहिनीनं सांगून टाकलं, की या वस्तूला तुम्ही हात लावायचा नाही. घरात पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती जिच्यासाठी दादाला हाक येणार नव्हती.

काही वर्षं कॉम्प्युटर गुमान चालला, म्हणून दादाही गुमान होता. मग तो रेंगाळायला लागला. वहिनी सकाळी बटण दाबायची आणि भाजी चिरायला बसायची. भाजी शिजत आली तरी स्क्रीनवरचं ते गोल आपलं फिरतंच आहे. फोटो उघडायला सांगावा, तर आधी कपाळ यायचं, मग डोळे, मग बराच वेळ विचार करून नाक. ती माउस हलवायची आणि बाण मागच्याच जागी उभा. वहिनी स्वभावानं शांत, पण त्या दिवसांत तिला मी टेबलावर हात आपटताना बघितलंय.

"कोरडं पडलंय," दादा दारात उभा राहून म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलंय?" असं म्हणून वहिनीनं फोन उचलला आणि स्टुडिओच्या मालकानं दिलेला नंबर लावला.

आला तो माणूस चाळिशीचा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. पिशवीतून त्यानं हवा फेकणारा छोटा ब्लोअर काढला, वायरी सोडवून डबा गॅलरीत नेला, झाकण काढलं आणि फुर्रकन हवा सोडली. आतून जो धुळीचा लोट उठला, त्यात दोरीवर वाळत घातलेले दादाचे दोन शर्ट राखाडी झाले. तेव्हापासून दादानं त्याचं नाव फुंक्या ठेवलं. आम्हीही तेच म्हणायला लागलो, अर्थात त्याच्यामागे.

"मॅडम, हा श्वास घेणार कुठून?" फुंक्या म्हणाला. "आत गरम झालं की हा स्वतःच हळू चालतो. जिवाला जपतो बिचारा."

मग तो स्क्रीनपाशी बसला. कॉम्प्युटर सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपण होऊन उठतात, त्यांची रांग त्यानं वहिनीला दाखवली. "हा पृथ्वीचा गोळा कुणाचा?" तो गोळा माझा होता. धड्यासाठी मी तो घातला होता आणि विसरले होते, तो मात्र रोज सकाळी इमानेइतबारे पाठीमागे फिरत होता. दोन अँटिव्हायरस निघाले, ते बहुधा एकमेकांवरच पहारा ठेवून होते. वहिनीनं उघडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा उतरवून घेतलेला एकच फोटो डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गर्दी करून बसला होता. आणि कचऱ्याची टोपली तर आजवर कधी रिकामी झालीच नव्हती.

"टाकलेलं परत लागलं तर?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे तुम्ही टाकतच नाही, नुसतं हलवून ठेवता," फुंक्या म्हणाला आणि वहिनी हसली.

दादा सगळा वेळ दारात उभा होता. फुंक्यानं कामाचं नसलेलं काढलं, टोपली रिकामी केली, कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. वहिनी सवयीनं भाजीकडे निघाली होती, ती अर्ध्या वाटेतून परत आली, कारण सगळं उघडून तयार होतं. तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. फुंक्याला चहा दिला तो पाहुण्यांच्या निळ्या कपबशीतून. दादाचा चहा नेहमीच्या स्टीलच्या पेल्यातून आला. त्यानं तो पेला असा उचलला, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच स्टील बघतोय.

"पंखा करकरतोय," तो फुंक्याला म्हणाला.

"थोडा आवाज करतो, काका. चालेल अजून."

काका! दोघांत फार तर दहा-बारा वर्षांचं अंतर असेल. फुंक्या गेल्यावर दादानं मला गाठलं. "ऐकलंस? करकरणारी वस्तू तशीच टाकून गेला. आणि काका कुणाला म्हणतो?"

"तुला म्हणाला," मी म्हणाले.

आता पुढचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. रविवारी वहिनी बाजारात गेली. दादानं दार लावून घेतलं, टेबलाखाली आडवा झाला, डब्याच्या जाळीतून कुपीची लांब चोच आत घातली आणि पंख्याच्या आसावर दोन थेंब सोडले. पंखा गप्प झाला. दादा उठला, हात पुसले, पेपर उघडून बसला. वहिनी आली, कॉम्प्युटर सुरू केला आणि थबकली.

"अगंबाई, आवाजसुद्धा गेला!" ती म्हणाली. "काय हात आहे हो त्या माणसाला."

पेपराआड दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार. केलं यानं आणि पावलं त्याला. सांगावं तर बंदी मोडल्याचं कबूल करावं लागणार. न सांगावं तर फुंक्याची आरती ऐकावी लागणार. तो मूग गिळून गप्प बसला आणि त्यानं मनाशी एक ठरवलं. तेलपाणी आपण बघायचं. कॉम्प्युटर इतका मऊ चालवायचा, की फुंक्याला परत बोलवायची वेळच येऊ नये. त्यानंतर एकही रविवार त्यानं चुकवला नाही.

कॉम्प्युटर पुन्हा रेंगाळायला लागला.

फुंक्या पुन्हा आला. डबा नुकताच साफ केलेला, म्हणून त्यानं तो उघडला नाही. हार्ड डिस्क गच्च भरलीय, असं त्याचं म्हणणं पडलं. वहिनीचे मोठमोठे फोटो वेगळ्या डिस्कवर हलवायचे ठरले. ते हलायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात फुंक्यानं खुर्ची टेबलापाशी ओढली आणि विचारलं, "हे तुम्ही नेमकं करता काय?"

वहिनीनं त्याला दाखवलं. एका लग्नाचा फोटो, मधोमध घडी पडून नवरीचा अर्धा चेहरा गेलेला. मग नीट केलेला फोटो.

"हा डोळा तुम्ही केलात?" फुंक्या वाकून बघत म्हणाला. "छे! हा तर बघतोय माझ्याकडे."

वहिनी लाजली. बाहेरगावी नोकरीला लागलेली, लग्नाच्या वयाची मुलं असलेली बाई, पण लाजली. दोघांची डोकी स्क्रीनकडे झुकलेली, ती सांगतेय आणि तो "असं होय, असं होय" करतोय. दादा पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येऊन गेला. मग पेला ठेवायला आला. मग पेला उचलायला आला. शेवटी नळ उघडा-बंद करत तिथेच उभा राहिला, जणू नळ बिघडावा म्हणून वाट बघत होता.

"काही समजत नाही, मॅडम," जाताना फुंक्या म्हणाला. "एवढं गरम व्हायला नको. आता बघू. नाहीतर आहेच मी."

'आहेच मी' हे शब्द दादानं पुढे कितीतरी दिवस चघळले. आंघोळीच्या पाण्यापासून बुटाच्या नाडीपर्यंत कशावरही चिडला की म्हणायचा, "बोलवा त्याला, आहेच तो!"

संध्याकाळी दादा दुकानातून यायच्या आधी मी आणि वहिनी चहा घेतो, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर. दिवसभरातली ती वेळ मला सगळ्यात आवडते. त्या दिवसांत आमच्या चहाला दादाच पुरायचा. वहिनी त्याची पाणी पिण्याची नक्कल करायची आणि मला ठसका लागायचा.

"अगं, पण तो असा का जळतो?" मी म्हणाले. "मनात काही आणतो की काय?"

"आणेना," वहिनी म्हणाली. "या वयात कुणी माझ्यावरून जळतंय, मला बरंच वाटतं." मग तिनं कप खाली ठेवला. "पण जळतायत कशावर, ते त्यांचं त्यांना कळलेलं नाही."

मला तेव्हा ते बोलणं समजलं नाही आणि मी विचारलंही नाही. आम्ही आपल्या हसत राहिलो.

त्याच सुमाराला एक बाई वहिनीकडे फोटो घेऊन आल्या. त्यांचे वडील पोस्टमन होते. त्यांचा म्हणून जगात एवढा एकच फोटो उरलेला, आणि त्यावर पाणी सांडून एक कान, अर्धी मिशी आणि टोपीची कड वाहून गेलेली. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला नवऱ्याचा चेहरा आठवेनासा झाला होता आणि त्यावरून ती रोज रडायची. "आई आहे तोवर करून द्या," बाई म्हणाल्या. वहिनीनं दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली.

आणि नेमका त्याच कामात कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. वहिनी कानाची पाळी रेखत आणायची आणि फट्, स्क्रीन काळा. जपून ठेवायला विसरली असली, तर सकाळभराचं काम पाण्यात. कान तिनं कितीदा केला असेल, तिलाच माहीत. एकदा ती काळ्या स्क्रीनसमोर नुसती बसून राहिली, आणि डोळे पुसताना मी तिला बघितलं. दादानंही बघितलं.

"मी बघू का?" तो म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला.

"नको हो," वहिनी म्हणाली. "तुम्ही नका आता मध्ये येऊ." आणि तिनं फोन उचलला.

त्या रविवारी दादानं दोनाचे चार थेंब घातले.

फुंक्या आला तो या वेळी डबा उघडायचा म्हणूनच आला. गॅलरीत नेऊन त्यानं झाकण काढलं, ब्लोअर रोखला आणि हवा सोडली. काही उडालंच नाही. त्यानं वाकून बघितलं, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला काळं, चिकट, ओलं काहीतरी होतं. पंख्याच्या पात्यांवर, खालच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटींत, सगळीकडे तेच. धुळीचा आणि तेलाचा चिखल होऊन हवेची वाटच बुजली होती.

"हे काय आहे?" फुंक्या म्हणाला. "तेल? कुणी तेल घातलंय यात?"

वास गॅलरीभर पसरला. तो वास मला ओळखू आला, तर वहिनीला न येऊन कसा चालेल? तिनं दादाकडे बघितलंसुद्धा नाही. फुंक्याच्या बोटाकडे बघत म्हणाली, "मीच घातलं. आवाज करत होता म्हणून."

"अहो मॅडम!" फुंक्या एकदम मास्तरासारखा बोलायला लागला. "हे काय शिलाई मशीन आहे का? तेलावर धूळ बसते, धुळीनं हवा कोंडते, हवा कोंडली की हा तापतो आणि बंद पडतो. एवढं शिकलेल्या तुम्ही, एवढं बारीक काम करता आणि असला अडाणीपणा करायचा? आधी विचारायचं तरी."

वहिनी मान खाली घालून ऐकत होती. "चुकलं," ती म्हणाली.

दादा दारात होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. त्याच्यासमोर दुसऱ्या माणसानं वहिनीला हसवलं, ते त्यानं कसंबसं गिळलं होतं. पण त्याच माणसानं तिला बोलावं आणि तिनं ऐकून घ्यावं, हे त्याला गिळता येईना.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. "तेल मी घातलंय. दर रविवारी. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

फुंक्यानं दादाकडे बघितलं, मग बोटाकडे बघितलं आणि तो हसायला लागला. वाईट मनानं नव्हे, त्याला खरंच आवरेना.

"म्हणजे काका, मला इथे मॅडम नव्हत्याच बोलवत," तो म्हणाला. "तुम्हीच बोलवत होतात!"

दादा मटकन खाली बसला. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा आपण इतक्या नेमानं पाडत होतो, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. मला हसू यायला हवं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून आलं नाही.

फुंक्यानं पंखा काढून नवा बसवला. पट्ट्यांतला चिखल स्पिरिटनं धुतला, चिपवरचं उष्णता ओढून घेणारं मलम वाळलं होतं, ते पुसून नवं लावलं. दादानं न सांगता बॅटरीचा उजेड धरला. जाताना फुंक्यानं त्याला समजावलं, "काका, अधूनमधून नुसता कोरडा ब्रश फिरवा. वायर काढून ठेवायची, पंख्याचं पातं बोटानं धरायचं, फिरू द्यायचं नाही. आणि ओलं काही नको, थुंकीसुद्धा नको. मग मला यायला लागणार नाही."

या खेपेला त्याला चहा दिला तो दादानं. निळ्या कपबशीतूनच दिला.

दार लागल्यावर वहिनी दादासमोर येऊन उभी राहिली. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"माझा एक कान किती वेळा गेला, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

"चुकलो."

"कुणावर जळत होतात? त्याच्या शर्टावर? त्याच्या त्या फुंकणीवर?"

दादा निळी कपबशी उचलायला लागला.

"मला त्याचं काय करायचंय? पण तो माणूस आला, खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, तुम्ही करता काय. परका माणूस. तुम्ही इतकी वर्षं या खोलीतून जाता-येता. माझा पंखा ऐकलात, वायरी बघितल्यात, डब्यातली धूळ बघितलीत. मी त्यावर काय करते ते एकदा तरी बघितलंत? मशीनपाशी मी बसलेली असते हो, तुमच्या लक्षात आलं नाही कधी?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दादा मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मग उठून दुकानात निघून गेला. जेवायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तो दुपारीच घरी आला. हातपाय धुतले, दुकानातलं ते बुटकं स्टूल सोबत आणलं होतं ते वहिनीच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि बसला. स्टूल इतकं बुटकं, की त्याची हनुवटी टेबलाला लागत होती.

"काय हवंय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. बघतोय."

कॉम्प्युटर आता सरळ उघडत होता, फोटो एका दमात पूर्ण येत होता. वहिनी पोस्टमनची मिशी करत होती, एकेक केस. शेजारच्या केसाचा रंग उचलायचा, बारीक रेघ ओढायची, मागे होऊन बघायचं, नाही आवडलं की पुसायचं. दादा बघत राहिला. पंख्याबद्दल बोलला नाही, आवाजाबद्दल बोलला नाही. बराच वेळ गेल्यावर त्यानं घसा खाकरला.

"एवढी दाट असेल का गं याची मिशी?"

"दुसऱ्या बाजूला दाटच आहे की."

"तरी तू जरा जास्तच करतेयस."

वहिनीनं हात थांबवला आणि त्याच्याकडे वळून बघितलं. "आता याच्यावर पण जळणार का?"

"छे! गेलेल्या माणसावर कशाला जळू?" दादा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पण दुपारपासून त्याच्याच तोंडाकडे बघतेयस."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्याकडे बघतोय."

वहिनीनं परत माउस धरला आणि पुढचा केस काढला. पण कानापर्यंत लाल झाली होती. त्या दिवशी लाजली होती त्याहून जास्त.

फोटो वेळेत झाला. बाईंनी नंतर येऊन सांगितलं, आईनं तो उशाशी ठेवला आणि पहिल्यांदा काय म्हणाली, तर "मिशी कापा म्हणून किती सांगितलं, ऐकलं नाही." वहिनीनं हे दादाला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी मलाच पाठ झालं.

आता दादा महिन्यातून एकदा वायर काढून, पातं बोटानं धरून, कोरडा ब्रश फिरवतो. कामाच्या नसलेल्या फाइली काढायला त्याला वहिनीनं शिकवलंय, टोपली रिकामी करताना तो अजूनही "नक्की ना?" असं तीनतीनदा विचारतो. फुंक्याला कुणी बोलावलेलं नाही. आणि दादा रोज दुकान लवकर बंद करून येतो, स्टूल ओढतो आणि बसतो. वहिनी त्याला काय काय दाखवते आणि तो "असं होय, असं होय" करतो. चहासुद्धा ती आता तिथेच नेते. दोन कप.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ते दोन कप बाहेर जाताना बघितले तेव्हा माझ्या पोटात दुखलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एकटीच बसले होते. दादा इतके दिवस कसा जळला असेल, ते मला तेव्हा नीट कळलं. आणि आपण त्याच्यावर किती हसलो, तेही आठवलं. पण कळून काय उपयोग, जळायचं थोडंच थांबतं? बाहेरच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू आलं. बहुतेक माझंच काहीतरी बोलत असावेत, असं मला उगाच वाटलं.

"अगं, ये ना इकडे," वहिनीनं हाक मारली. "बघ तर, या आजीबाईंना कसे दात आलेत!"

"मला वह्या तपासायच्यात," मी ओरडून सांगितलं.

वह्या कसल्या, परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली होती.